नाव लावायला मरणाची वाट कशाला?

सोमवारी १२ जानेवारी, जिजाऊंची जयंती. सिंदखेडराजात लखुजीराव जाधवांच्या राजवाड्यापुढे भल्या पहाटेपासून रांग लागेल, दिवसभर जयजयकार चालेल, व्यासपीठावर पाहुण्यांची भाषणे होतील. विदर्भाच्या अंगाने येणाऱ्या गाड्या मेहकर सोडले की सुलतानपूरवरून पुढे जातात. समृद्धी महामार्ग झाल्यापासून बऱ्याच जणांना सुलतानपूर दिसतही नाही, ते वरच्या वर निघून जातात. त्यांचे सुख त्यांना लखलाभ. पण जयंतीला जाता जाता ज्याला काही बघायचे असेल त्याने जुन्या रस्त्याने जावे, लोणारच्या फाट्यावर घटकाभर थांबावे आणि दोन्ही बाजूंच्या वावरांकडे नजर टाकावी. तूर कापून पेंढ्या उभ्या केल्या आहेत, हरभऱ्याला घाटे धरू लागलेत, कुठे कपाशीची शेवटची वेचणी चालू आहे. तिन्हीकडे कामावर बाया दिसतील. बाप्ये दिसतील ते फवारणीचा पंप पाठीवर घेतलेले, नाहीतर मोटारसायकलवर. हा टोमणा नव्हे. रात्रीच्या विजेवर हरभऱ्याला पाणी देऊन आणि रोही-डुकरे हाकलून कित्येकजण पहाटे घरी परतलेले असतात, हेही खरे. पण दिवसाउजेडी वावर बाईच्या अंगावर असते, आणि ते कोणाच्या नावावर असते हे विचारायला गेले तर उत्तर सगळ्या गावाला पाठ आहे.

जिजाऊंच्या नावाशी शेतीची एक आख्यायिका जोडलेली आहे. उजाड पडलेल्या पुण्यात त्यांनी बाल शिवबाच्या हातून सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवला, असे सांगतात. तो प्रसंग अक्षरशः तसाच घडला की नाही यावर इतिहासकार वाद घालोत. ओसाड रान पुन्हा लागवडीखाली आणण्याचा निर्णय एका बाईने घेतला, एवढे लोकांच्या मनाने पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवले आहे. यंदा या जयंतीला आणखी एक निमित्त आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने मे २०२४ मध्ये ठराव करून २०२६ हे साल आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केले. म्हणजे पुढचे बारा महिने शाल, श्रीफळ, ‘कर्तृत्ववान महिला शेतकरी’ पुरस्कार, हवामान बदलावरच्या कार्यशाळा आणि त्यांचे फोटो यांना तोटा नाही. त्याला कोणाचा विरोध असायचे कारण नाही. पण वर्ष संपल्यावर काय उरले हे मोजायचे झाले, तर फोटो मोजून भागणार नाही. सातबारे मोजावे लागतील.

सातबाऱ्याची गोष्ट बुलढाणा जिल्ह्याने काढावी हे रास्तही आहे. गेल्या वर्षी १ मार्चपासून याच जिल्ह्यात ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली. मेलेल्या खातेदारांची नावे वर्षानुवर्षे उताऱ्यावर तशीच राहतात, वारसांची नोंद होत नाही, मग ना कर्ज मिळते ना पीक विमा ना नुकसानभरपाई. प्रशासनाने स्वतःहून गावोगाव जाऊन वारसांची नावे लावायची, अशी ती कल्पना. राज्य सरकारला ती इतकी पटली की १ एप्रिल ते १० मे या काळात सगळ्या महाराष्ट्रात ती राबवली गेली. चावडीवाचन झाले, मयत खातेदारांच्या याद्या झाल्या, कागद गोळा झाले, फेरफार मंजूर झाले. जे काम करून घ्यायला लोकांच्या चपला झिजत होत्या ते काम सरकारने मनावर घेतले की चाळीस दिवसांत होते, हे सगळ्यांनी पाहिले. बुलढाण्याने राज्याला दिलेली ही चांगली गोष्ट आहे आणि तिचे श्रेय जिल्ह्याला द्यायलाच हवे.

या मोहिमेत अनेक बायांची नावे पहिल्यांदा सातबाऱ्यावर आली. पण कोणत्या बायांची? ज्यांचा नवरा वारला त्यांची. आपल्याकडे बाई शेतात राबायला लागते ती नऊवारी-पाचवारीच्याही आधी, परकर-पोलक्यात असल्यापासून. शेतकरी म्हणून तिची नोंद होते ती मात्र कपाळ पांढरे झाल्यावर, तीही दीर-सासऱ्यांनी आडकाठी केली नाही तर. मुलीचे नाव बाप गेल्यावर वारस म्हणून लागते खरे, पण अनेकदा पुढच्याच पानावर तिचे हक्कसोडपत्रही असते. भाऊबीजेला माहेर तुटायला नको म्हणून बहीण अंगठा देते आणि भाऊ साडी देतो. त्या साडीचा भाव जमिनीच्या भावाशी कोणी ताडून पाहत नाही. कायद्याची उणीव म्हणावी, तर तीही नाही. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली, केंद्राने २००५ मध्ये केली, आणि बाप त्या तारखेला हयात होता की नव्हता हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात मिटवला. दरम्यान १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या कागदपत्रांवर बापाआधी आईचे नाव लिहायचा नियमही राज्यात आला. आईचे नाव दाखल्यावर आले. उताऱ्यावर यायला तिला अजून अपशकुनच लागतो.

देशाचे आकडे याच्याशी जुळतात. २०२३-२४ च्या सरकारी श्रमबल सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागातल्या दर शंभर कामकरी स्त्रियांपैकी जवळपास ७७ जणी शेतीत आहेत. पुरुषांत हे प्रमाण ४९ आहे. पुरुष फाट्यावर, शहरात, गाडीवर, कंपनीत निघून चालला आहे आणि शेती बाईच्या गळ्यात पडते आहे, असा याचा सरळ अर्थ. आणि २०१५-१६ च्या कृषिगणनेत स्त्रियांच्या नावे असलेली वहिती खाती किती, तर शंभरात चौदा. क्षेत्र पाहिले तर त्याहून कमी, बारा टक्क्यांच्या आत.

आता कोणी म्हणेल की नावाचे दुखणे जुनेच आहे, त्याचा हवामान बदलाशी काय संबंध? संबंध असा की हवामान बिघडले तेव्हापासून शेती आभाळाइतकीच कागदावर चालू लागली आहे.

लोणार-मेहकर पट्ट्याचा गेल्या दोन-तीन खरिपांचा हिशेब काढा. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ऐन फुलोऱ्यात सोयाबीन होरपळले आणि पाठोपाठ पिवळ्या मोझॅकने वावरेच्या वावरे पिवळी पडली. त्याच साली जुलैत जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, संग्रामपूर आणि जळगाव जामोदला, पुराने जमिनी खरडून नेल्या. २०२५ मध्ये जूनच्या अखेरीला मेहकर-लोणारकडे धो धो कोसळून नुकती पेरलेली वावरे वाहून गेली, आणि सप्टेंबरात मराठवाडा व विदर्भावर असा पाऊस झाला की सोंगणीला आलेले सोयाबीन उभ्या जागी काळे पडले, शेंगांतच कोंब फुटले. राज्य सरकारने ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. कोरडवाहूला हेक्टरी साडेआठ हजार, वर रब्बीच्या पेरणीसाठी हेक्टरी दहा हजार, मर्यादा तीन हेक्टर. हा पैसा पुरेसा की अपुरा यावर विधिमंडळात आणि चावडीवर भरपूर भांडण झाले. तो कोणाच्या खात्यात जातो यावर झाले नाही. तो उताऱ्यावरच्या नावाच्या खात्यात जातो. गेल्या एप्रिलपासून योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, तो क्रमांकही उताऱ्यावरूनच निघतो. ई-पीक पाहणीत खाते निवडायचे तेही त्याच नावाचे. चिखलात उतरून कुजक्या सोयाबीनच्या सुड्या उलथ्यापालथ्या करून चार पायल्या तरी वाचवू बघणारी बाई या साखळीत कुठेच नाही. आणि दुसऱ्याचे वावर ठोक्याने किंवा बटईने करणारी बाई असेल तर तिची पेरणीही गेली, ठोक्याचे पैसेही गेले आणि भरपाई मालकाला मिळाली.

हवामानाशी जुळवून घेणाऱ्या शेतीचे सरकारी नाव आपल्या भागाला चांगले ठाऊक आहे: नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, लोकांच्या तोंडी ‘पोकरा’. जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ पासून तो मराठवाडा-विदर्भात चालला. बुलढाणा त्यात पहिल्यापासून आहे. आता दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांतल्या ७,२०१ गावांसाठी आहे. शेततळे, ठिबक, तुषार, शेडनेट, फळबाग, बीबीएफ यंत्र, बीजोत्पादन अशा कितीतरी गोष्टींना अनुदान. प्रकल्प वाईट नाही. कागदावर महिला शेतकऱ्याला प्राधान्यही आहे. पण वैयक्तिक लाभाचा अर्ज भरायला बसले की सातबारा आणि आठ-अ हवा. ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांच्यासाठी शेळ्या आणि परसातल्या कोंबड्या ठेवल्या आहेत. म्हणजे ज्या घरात बाईने शेततळ्याचा हट्ट धरला तिथे तळे नवऱ्याच्या नावाने मंजूर होते, आणि बाईने स्वतः अर्ज करायचा म्हटले तर तिच्या वाट्याला शेळी. शेळी गरीबाची गाय आहे, तिला नाव ठेवायचे कारण नाही. पण पाऊस उशिरा आला तर काय पेरायचे आणि किती पेरायचे हे शेळीच्या मालकीने ठरवता येत नाही.

हवामानाशी जुळवून घेणे म्हणजे नेमके काय, हे सोयाबीनच्या बियाण्यावरून चांगले कळते. सोयाबीनच्या दाण्याचे कवच पातळ, अंकुर अगदी सालीला लागून. मळणी यंत्र जोरात फिरले तर दाणा दिसायला चांगला, पण आतून मेलेला. पोते उंचावरून आपटले तरी तेच. म्हणून कृषी विभाग दरवर्षी सांगतो की घरचे बियाणे ठेवा आणि पेरणीआधी उगवण तपासा. ही तपासणी होते घराच्या ओसरीवर. गोणपाट भिजवून पसरायचे, त्यावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, गोणपाटाची गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपायचे आणि पाच-सहा दिवसांनी उघडून ठणठणीत कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर पेरायला हरकत नाही. कमी निघाले तर एकरी बियाणे वाढवायचे, फारच कमी निघाले तर ते बी बाजारात विकून मोकळे व्हायचे. जूनमधला पाऊस दगा देऊन दुबार पेरणी करायची पाळी आली की या गुंडाळीची किंमत कळते, कारण दुकानातली दुसरी बॅग घ्यायला तोवर खिशात काही राहिलेले नसते. आता बी निवडून, वाळवून, कोरड्या जागी लाकडी पाटावर ठेवते कोण? गोणपाटावर पाणी शिंपडते कोण? आणि कृषी सहायकाने प्रशिक्षणाला यादीवरचे ‘खातेदार’ बोलावले की जातो कोण? प्रशिक्षण एकाला आणि काम दुसरीला, असे झाल्यावर मग गुंडाळीत कोंब कमी का निघाले याचा जाबही तिलाच.

बीबीएफचेही असेच. रुंद वरंब्यावर सोयाबीनच्या ओळी, दोन्ही बाजूंना सरी. पावसाने ताण दिला तर सरीत मुरलेली ओल कामी येते, पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जाते. आपल्या काळ्या भारी जमिनीत दोन्ही संकटांवर हा उपाय खरोखर चालतो. पण ते यंत्र ट्रॅक्टरमागे चालते, ट्रॅक्टर बाप्यांचा. तिफणीमागे सरता धरून बी सोडणाऱ्या बाईचा रोज त्याने गेला. तणनाशकाने निंदणाचा गेला, सोंगणी-मळणीच्या मोठ्या यंत्राने सोंगणीचाही जाऊ लागला. कष्ट कमी झाले तर आनंदच आहे. उन्हात कंबर मोडून निंदणे यात गौरवण्यासारखे काही नाही. पण मजुरी गेल्यावर बदल्यात काय मिळाले? यंत्र चालवायला तिला कोणी शिकवले नाही, बचत गटाच्या नावे यंत्र घेतले तरी किल्ली दुसऱ्याच्या खिशात राहिली. आम्हाला वाटते, महिला गटांच्या अवजार बँकांचे मूल्यमापन किती यंत्रे दिली यावर न करता ती चालवते कोण यावर करावे. बऱ्याच गावांत उत्तर अडचणीचे येईल.

बुलढाण्यापेक्षा अवघड हवामानात ज्या बायांनी वाट काढली त्या धाराशिव, लातूर, सोलापूरच्या. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर त्या भागात काम उभे करणाऱ्या, प्रेमा गोपालन यांनी सुरू केलेल्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने तिथे ‘एक एकर’ची पद्धत रुजवली. पुढे सलग दुष्काळ पडले, ऊस आणि सोयाबीन दोन्ही झोपले, तेव्हा बायांनी घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर स्वतःच्या निर्णयासाठी मागून घेतला. त्यात एकच नगदी पीक न घेता डाळी, भाजीपाला, तेलबिया, ज्वारी-बाजरी असे मिसळून लावले. बियाणे घरचे, खत गांडुळाचे आणि जनावराचे, पाणी जेवढे असेल तेवढेच. एक पीक गेले तर दुसरे हाती लागते, घरात खायला राहते, उरलेले बाजारात जाते. २०१६ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. तिथल्या गोदावरी डांगे यांच्यासारख्या कार्यकर्त्या आज देशाबाहेर जाऊन ही गोष्ट सांगतात.

बक्षीस वगैरे ठीक. त्या कामातली खरी मेख पहिल्या पायरीत आहे. गांडूळखताचे प्रशिक्षण नंतर आले, आधी नवऱ्याशी आणि सासूशी बोलणे झाले: एक एकर माझ्याकडे द्या, त्यात काय लावायचे ते मी ठरवीन. कुणाला पडीक तुकडा मिळाला, कुणाला मुरमाड, कुणाला विहिरीपासून लांबचा. त्यातून पीक निघाले तेव्हा घरातली भाषा बदलली. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या बियाण्यांच्या ठेव्याचे कौतुक आपण सगळेच करतो. पण बी जपायला आणि दरसाल लावायला हाताखाली जमिनीचा तुकडा लागतो. गाडग्यात ठेवलेले वाण दोन-तीन वर्षे पेरलेच नाही तर ते मरते.

पश्चिम विदर्भात तर हा तुकडा पूर्वी होता. सोयाबीन येण्याआधीच्या वावरात ज्वारी, कपाशी, मूग, उडीद, तूर अशी सरमिसळ असायची. धुऱ्यावर अंबाडी, ओळीआड तीळ, मधूनच चवळी-बरबटी. त्या कडेच्या पिकांवर बाईची सत्ता चाले, नवरा त्यात फारसे डोके घालत नसे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत सोयाबीनने बांधापासून बांधापर्यंत वावर व्यापले, ज्वारी गेली, तिच्याबरोबर घरची भाकर गेली आणि ढोरांचा कडबा गेला. सोयाबीनने पैसा दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही; त्या पैशावर पोरे शिकली. पण सगळे पीक एकाच दिवशी पेरायचे, एकाच दिवशी सोंगायचे आणि एकाच भावाला विकायचे, यात हवामानाचा एक फटका बसला की सगळे घर एकदम बसते. धुऱ्यावरची अंबाडी-चवळी ही तेव्हाची छोटी विमा पॉलिसी होती आणि तिचा हप्ता बाई भरत होती. आज शास्त्रज्ञ आंतरपीक, पीकवैविध्य, कडधान्याची जोड म्हणून जे सांगतात ते बाईला नव्याने शिकवायची गरज नाही, जागा परत द्यायची गरज आहे.

नावाचा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही आणि तो बाहेरून आणलेलाही नाही. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे चांदवडचे अधिवेशन नोव्हेंबर १९८६ मधले. पुढे १९८९-९० च्या सुमाराला शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली: बायकोच्या नावे जमिनीचा तुकडा करा, तिचे ऋण फेडा. ज्या गावात शंभर घरांनी असे केले ते गाव लक्ष्मीमुक्तीचे, तिथे जोशी स्वतः येणार. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी ते करून दाखवले. कर्जमुक्तीसाठी रस्ते अडवणाऱ्या पागोट्यांनी बायकोचे देणे मान्य केले, ही मराठी मुलखातली मोठीच गोष्ट होती. सरकारनेही १९९२ मध्ये परिपत्रक काढून नवऱ्याच्या संमतीने सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय केली. ते परिपत्रक आजही आहे. तलाठ्याचे नाव ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले, उतारा संगणकावर आला, डिजिटल सहीचा झाला, पण या परिपत्रकाची चौकशी करायला दिवसाकाठी किती नवरे तहसिलात येतात ते तिथल्या कारकुनाला विचारावे.

यावर आक्षेप आहेत, आणि सगळेच फोल नाहीत. पहिला नेहमीचा: नाव बाईचे, कारभार नवऱ्याचाच. हे सरपंचपदाबाबतही म्हटले गेले. १९९३ पासून तेहतीस आणि २०११ पासून पन्नास टक्के जागा बायांना आल्या, सरपंचपती झालेही, तरी तीस वर्षांपूर्वीची ग्रामसभा आणि आजची यांत फरक पडला नाही असे फक्त ग्रामसभेला न जाणाराच म्हणेल. दुसरा आक्षेप वजनदार आहे. नाव लागले की कर्जाचा बोजाही तिच्यावर येतो. खरे आहे. पण नाव नसताना तो बोजा तिच्यावर येत नाही, असे थोडेच आहे? नवऱ्याने आत्महत्या केलेल्या घरांत सावकार कोणाच्या दारात येतो? महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या अकरा जिल्ह्यांत अशा ५०५ बायांकडे जाऊन पाहणी केली. ज्या जमिनी त्या कसत होत्या त्यांवरचा हक्क चाळीस टक्के जणींना तोवर मिळालाच नव्हता. कर्ज होते, वावर होते, राबणे होते, नाव नव्हते. पुढच्या वर्षी, जून २०१९ मध्ये, सरकारला या बायांसाठी वेगळा शासन निर्णय काढावा लागला.

तिसरी अडचण सरकारनेच तयार केली आहे. लाडक्या बहिणीला महिना दीड हजार मिळतात. पण जिच्या नावे जमीन आहे आणि जिला शेतकरी सन्मानाचे महिन्याकाठी हजार येतात तिला फरकाचे पाचशेच. अशा पावणेआठ लाखांच्या आसपास बहिणी असल्याचे गेल्या वर्षी सरकारनेच सांगितले. नुसते नाव लागले म्हणून रक्कम कापत नाहीत, सन्मानाचा पैसा तिच्या खात्यात येत असेल तरच कापतात. पण गावात बारकावे कोण सांगत बसतो? ‘नाव लावलं की पैसे बंद’ एवढेच पसरते. एक पैसा शेतकरी म्हणून आणि दुसरा बाई म्हणून; दोन्ही असल्याची शिक्षा तिला का? हा नियम महिला शेतकरी वर्षात तरी काढून टाकावा.

आणि ज्यांच्याकडे लावायलाच जमीन नाही त्यांचे काय? डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांनी मे २०१२ मध्ये राज्यसभेत महिला शेतकरी हक्क विधेयक खासगी विधेयक म्हणून मांडले. जमीन नावावर असो वा नसो, जी शेती करते तिला गावपातळीवर शेतकरी असल्याचा दाखला द्यायचा, अशी त्यात तरतूद होती. २०१३ मध्ये ते चर्चेविना बारगळले. ठोक्याने, बटईने, वनजमिनीवर करणाऱ्या बायांसाठी त्याहून चांगली कल्पना नंतर कोणी मांडलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२४ मध्ये काढलेल्या अहवालात म्हटले आहे की बाई कर्ती असलेल्या ग्रामीण घराला उष्णतेमुळे पुरुष कर्ता असलेल्या घरापेक्षा आठ टक्के अधिक उत्पन्न गमवावे लागते, पुरामुळे तीन टक्के अधिक. ऊन सगळ्यांना सारखेच लागते. पण जिच्याकडे कर्ज, विमा, यंत्र आणि पाणी मागायला कागद नाही, तिचे नुकसान भरून निघत नाही.

म्हणून बुलढाणा जिल्हा प्रशासनाकडे आमची एक मागणी आहे. मेलेल्यांची नावे काढून सातबारा जिवंत करायची मोहीम तुम्ही काढलीत आणि राज्याने ती उचलली. आता जिवंत बायांची नावे लावायची मोहीम काढा. पद्धत तीच: चावडीवाचन, कॅम्प, जागच्या जागी अर्ज, ठरलेल्या तारखेला फेरफार. खाते भावाभावांत सामाईक असेल तिथे आधी वाटणी लागेल, तो घोळ मोठा आहे. त्यांना मागाहून घ्या. ज्यांचे खाते स्वतंत्र आहे त्यांच्यापासून सुरुवात करा. पोकराच्या दुसऱ्या टप्प्यात अर्जावर नवरा-बायको दोघांची नावे आणि अनुदान जोडखात्यावर, एवढा बदल करायला कायदा लागत नाही. आणि कृषी विभागाने बीज उगवण चाचणीचे, बीबीएफचे, फवारणीचे वर्ग दुपारी तीनच्या सुमाराला वावराजवळ घ्यावेत. सकाळी अकराला पंचायतीच्या हॉलमध्ये घेतलेल्या वर्गाला कोण येऊ शकते हे सगळ्यांना माहीत आहे.

२६ जानेवारीला गावोगाव ग्रामसभा आहेत. सुलतानपूरच्या आणि आसपासच्या गावांच्या ग्रामसभांनी त्या दिवशी गावात शेती करणाऱ्या सगळ्या बायांची यादी वाचून दाखवावी: मालकीने करणाऱ्या, ठोक्याने करणाऱ्या, नवऱ्याच्या नावावरच्या वावरात राबणाऱ्या. ठराव करून ती यादी कृषी आणि महसूल विभागाकडे पाठवावी. तिला आज कायद्याचे बळ नाही, पण पुढचा पूर आला की भरपाई वाटताना ती दाखवता येईल.

आणि जे बाप्ये सोमवारी सिंदखेडराजाला जाऊन जिजाऊंपुढे माथा टेकवतील त्यांनी परतीच्या वाटेवर एवढे करावे. १९९२ च्या परिपत्रकाची सोय वापरायला नवऱ्याची संमती लागते आणि त्याचा अर्ज लागतो. बाकी उतारे आता मोबाइलवरही निघतात. अर्ज गावातल्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे किंवा लोणारच्या तहसील कार्यालयात द्यायचा. मंगळवारी १३ तारखेला ते उघडे आहे.